डोमकावळ्याचं नाव

नोरानं नाव सांगितलं आणि माझ्या हातातली जपमाळ थांबली.

"फीअख्रा," माझी सून म्हणाली. "माझ्या आजोबांचं. जुनं आयरिश नाव आहे, आई. आता फारसं कुणी ठेवत नाही."

हॅमिल्टनच्या हॉस्पिटलात माझा नातू काचेच्या पेटीत, नळ्यांच्या गुंत्यात निजला होता. आठवड्याचाही नव्हता. थोड्या वेळात त्याच्या हृदयाचं ऑपरेशन होतं, आणि बिननावाचा तो आत जायचा नाही, असा नोराचा हट्ट.

"अर्थ काय गं त्याचा?"

"पक्कं कुणी सांगत नाही. पण फीअख म्हणजे रेव्हन. मोठा, काळा..."

"डोमकावळा," यशोधन म्हणाला आणि त्यानं नजर चुकवली. आईला काय वाटणार, हे माझ्या लेकाला ठाऊक होतं.

पांडुरंगा! ज्या पाखराला आम्ही पिंडाशी बोलावतो, त्याचं नाव या एवढ्याशा जिवाला? आणि तेही आज?

"नोरा, बाळा, दुसरं ठेव. पाया पडते तुझ्या."

"आई, प्लीज." तिनं माझा हात धरला. "त्या नावाचा एक संत होता. बाग राखायचा, झाडपाल्यानं आजाऱ्यांना बरं करायचा. माझ्याकडे याहून मोठा आशीर्वाद नाही."

झालं! जन्मभर कीर्तनात पहिल्या रांगेत बसलेली मी, संताला नको कशी म्हणणार? पण मन काही ऐकेना.

"आत्या नाही इथे, तूच सांग कानात," यशोधन म्हणाला. "लवकर, आई. न्यायला येतील."

पेटीच्या झरोक्याशी वाकले. मनात कपट आलं. हळूच 'चिरंजीव' म्हणावं, कुणाला कळतंय?

तेवढ्यात खिडकीतून दिसला. पार्किंगच्या दिव्यावर कावळा!

आणि गेल्या वर्षीचं यांचं दहावं आठवलं. पिंडाला कावळा शिवेना. दीर, जावा, सगळ्यांनी हात जोडून काय काय कबूल केलं. शेवटी मी म्हटलं, "यशोधनच्या लेकराला मी सांभाळीन." शब्द संपतो न संपतो तोच तो खाली उतरला.

माझ्या वचनाला साक्षी हाच होता की!

"अहो, मी शब्द पाळतेय," मनातच म्हटलं, "आता तुम्ही पाठीशी उभे राहा." आणि झरोक्याला तोंड लावून स्पष्ट म्हणाले, "फीअख्रा."

त्याला नेलं. दार मिटलं. भ्यालात की नाम मोठ्यानं घ्या, असं आमचे बुवा सांगायचे. नाम घेऊन घेऊन माझा तर घसाच बसला. विठ्ठल, विठ्ठल. अर्थ न कळता नोरा शेजारी हलक्या टाळ्या वाजवत राहिली. दर पावलाच्या आवाजाला आम्ही तिघंही दचकायचो.

दुपार कलताना डॉक्टर बाहेर आल्या. मास्क खाली ओढला, आणि हसल्या.

मी डब्यातली पोळी घेऊन तशीच खाली धावले. "आई, जॅकेट! आणि इथे पक्ष्यांना घालू देत नाहीत!" यशोधन मागून ओरडतोय. बर्फावर तुकडा ठेवला.

कावळ्यानं तो लगेच उचलला. या वेळी काही वदवून घेतलं नाही.