लवंगेची खूण

जालन्याच्या मस्तगडात आमची भट्टी होती. दिवाळीच्या आधी बायका मैदा, तूप, साखर घरून घेऊन यायच्या आणि नानकटाई भाजून न्यायच्या. वेलची, जायफळ ज्याचं त्याचं. गिऱ्हाइकाच्या मसाल्यात नाक खुपसायचं नाही, हा माझ्या सासऱ्यांचा नियम. ट्रेंची अदलाबदल होऊ नये म्हणून प्रत्येकीची खूण ठरलेली. कुणाची चारोळी, कुणाचा वेलदोडा. पलीकडच्या गल्लीतल्या द्वारकाबाईंची लवंग. शिवाय शकुन म्हणून त्या पिठात हळद घालायच्या. चिमूटभर म्हणायच्या, पण हात सढळ.

सत्त्याऐंशीच्या दिवाळीत अन्नभेसळ खात्याचा इन्स्पेक्टर आला. भट्टीतून नुकताच निघालेला पिवळाधमक ट्रे त्याच्या डोळ्यांत भरला. त्याने नानकटाया चुरून तीन बाटल्यांत भरल्या, लाखेचं सील लावलं, यांची सही घेतली. संध्याकाळी द्वारकाबाई आल्या आणि उरलेल्या घेऊन गेल्या. कमी भरल्या हे त्यांना कळलंही नाही.

रिपोर्टात बंदी असलेला पिवळा रंग निघाला. बाजारातली सुटी हळद, दुसरं काय!

वकील म्हणाला, “सर्जेराव, एकच वाक्य बोला. माल गिऱ्हाइकाचा होता. बाईला साक्षीला बोलावू, मंग बघतो मी.”

“द्वारकावहिनीला कोर्टात उभं करू? तिचा जावई काय म्हणंल?” हे म्हणाले. “भट्टीत गेलं ते माझं.”

घरी मी आकांत केला. “अन् आपलं काय? भट्टी बंद पडंल. तुम्ही आत जाल.”

“बोललो न एकदा, प्रभा.”

मोठे हरिश्चंद्राचे अवतार! मला राग आला होता, खूप आला होता. तो शेवटचा. निकाल लागेपर्यंत आमची पोरगी शाळेतून कॉलेजात गेली आणि राग कुठल्या कुठे विरून गेला. सहा महिन्यांची सजा झाल्याचा निरोप आला तेव्हा मी भाकरी थापत होते. थापतच राहिले. परवाना गेला. भट्टीत आता मी सरपण ठेवते.

हे सुटून आले त्या दिवाळीत द्वारकाबाई ताट घेऊन आल्या. दुसऱ्या बेकरीतून भाजून आणलेल्या नानकटाया, तशाच पिवळ्या, मधोमध लवंग. हे खाटेवर बसले होते.

“झालं गेलं सोडा, भाऊ,” त्या मायेने म्हणाल्या. “लोक बोलतेत, पण मी सगळ्यायला सांगून राह्यले, आमच्या मालात त्यानं कधी रंग घातला न्हाई. आमचं सामान घरचं होतं, म्हणून वाचलो बाई.”

यांनी मान डोलावली. मला काही वाटलं नाही. वाटायला पाहिजे होतं, एवढं मात्र समजत होतं.

शेजारणीचं ताट रिकामं परत द्यायचं नसतं. मी नानकटाया डब्यात काढल्या आणि ताटात मूठभर हळकुंडं ठेवली.

“हे कशाला गं? साखर टाकतेत ताटात.”

“घरी कुटत जा, वहिनी. बाजारच्या हळदीत रंग असतो.”

त्या ताटाकडे बघत राहिल्या. मग यांच्याकडे बघितलं. “मंग तवा... त्या सायबानं कुणाच्या नेल्त्या?”

मी तोंड उघडलं. तेवढ्यात यांनी डब्यातली एक नानकटाई उचलली आणि लवंगेसकट तोंडात टाकली.

“आमच्याच होत्या,” हे म्हणाले. “जायफळ झकास पडलंय, वहिनी.”

द्वारकाबाईंचा चेहरा फुलला. त्यांनी हळकुंडं परत माझ्या हातात ठेवली.

“ऱ्हाऊ दे गं. कोण कुटत बसतंय? बाजारात तयार मिळती.”

त्या गेल्यावर मी हळकुंडं मसाल्याच्या डब्यात टाकली आणि झाकण लावलं. हे दुसरी नानकटाई खात होते.