किशनरावांचा आवाज नेताना

मित्रांनो, क्लास म्हटले की तुम्हाला शिकवणी आठवेल आणि लायब्ररी म्हटले की पुस्तकांची कपाटे. माझ्या जगात या दोन्ही शब्दांचा अर्थ थोडा वेगळा आहे. संगणकाचे प्रोग्राम लिहिणाऱ्यांसाठी काही कामे आधीच कोणीतरी लिहून ठेवलेली असतात. अशा तयार साठ्याला लायब्ररी म्हणतात आणि त्यातल्या एकेका कामकऱ्याला क्लास. मी त्यातलाच एक, वयाने बराच जुना. इथल्या संगणकावरची फाइल उचलायची, दूरच्या दुसऱ्या संगणकापर्यंत, म्हणजे सर्व्हरपर्यंत न्यायची आणि तिथे नीट ठेवायची, हे माझे काम.

मला कोणा एकाने घडवले नाही. वेगवेगळ्या देशांतल्या माणसांनी, एकमेकांना कधी न भेटता, आपापली नोकरी सांभाळून मला ओळीओळीने लिहिले. एकाने मला सर्व्हरचे दार वाजवायला शिकवले. दुसऱ्याने परवलीचा शब्द सांगून आत जायला शिकवले. वाटेत जोडणी तुटली तर तुटल्या जागेपासून पुढे कसे न्यायचे, हे तर कोणीतरी फार विचार करून लिहिले आहे. काम झाल्यावर निरोप घ्यावा आणि दार ओढून घ्यावे, हेही मला तेव्हाच शिकवले गेले. माझ्यासोबत एक माहितीपत्र असते. मला कामाला लावण्याआधी काय सांगावे लागते ते सगळे त्यात आहे.

तरुणपणी मला फार मागणी होती. वर्तमानपत्रांची पाने छापखान्यात न्यायला मी, फोटो स्टुडिओतल्या लग्नाच्या फायली अल्बमवाल्याकडे न्यायलाही मीच. पुढे माझ्याविषयी एक तक्रार होऊ लागली. मी सामान उघड्या पाटीतून नेतो, वाटेत कोणीही डोकावू शकतो, असे लोक म्हणू लागले. तक्रार खरी होती. मग कुलूपबंद पेटीतून नेणारी नवी भावंडे आली आणि मला विचारणारे कमी होत गेले.

अशा दिवसांत मला पूर्णा गावात काम मिळाले. ते दिपालीने दिले.

दिपाली पालमकडच्या एका मेंढपाळाच्या घरची मुलगी. तिचे वडील येडबा वर्षातले कितीतरी महिने मेंढरांमागे रानोमाळ असत. ती पूर्णेच्या कॉलेजात शिकली आणि तिथेच एका संगणकाच्या वर्गात शिकवू लागली. राहायला तिने किशनरावांच्या घरातली पुढची खोली भाड्याने घेतली होती. तिच्या जुन्या लॅपटॉपवर मी असे. त्याच्यासमोर जे बोलले जाई ते मला कळे, बाकीचे तिच्या फोनवरच्या बोलण्यातून समजे.

किशनराव रेल्वेतून निवृत्त झालेले. नोकरीतली बरीच वर्षे त्यांनी पूर्णा स्टेशनवर गाड्यांच्या घोषणा केल्या. यंत्र घोषणा करू लागले तेव्हा त्यांना टेबलाचे काम मिळाले, पण बाजारात अजूनही लोक त्यांना आवाजावरून ओळखत.

अपेक्षा ही दिपालीची मैत्रीण, चुडाव्याची. तिला जन्मापासून दिसत नाही. लहानपणी वडिलांचा हात धरून ती रोज गाडीने पूर्णेच्या शाळेत यायची. परतीची गाडी कोणत्या फलाटावर आहे ते तिला किशनरावांच्या आवाजावरून कळायचे, आणि पुष्कळदा तीच वडिलांना ओढत न्यायची. आता ती पुण्याला वसतिगृहात राहून बी.ए. करत होती. तिथे एका संस्थेने अंध विद्यार्थ्यांसाठी सोय केली होती. साध्या फोनवरून एक नंबर लावायचा की पुस्तकातला हवा तो धडा ऐकू येई. मात्र अपेक्षाला लागणारे इतिहासाचे जाडजूड पुस्तक अजून कोणी वाचून दिलेले नव्हते. तिने दिपालीला विचारले, किशनकाका वाचतील का?

काका लगेच तयार झाले. दुपारी पंखा बंद करून, खिडकी लावून ते लॅपटॉपसमोर बसत आणि एकेक धडा वाचत. संस्थेचा सर्व्हर जुना होता, नव्या भावंडांना तो ओळखत नसे. म्हणून दिपालीने मला शोधून काढले आणि एक छोटा प्रोग्राम लिहिला. धडा झाला की मी तो पुण्याला नेई. लॅपटॉपवर जागा कमी होती, म्हणून मी 'पोचले' असे सांगितले की प्रोग्राम इथली फाइल पुसून टाकी. इतक्या वर्षांनी कोणीतरी माझ्यावर एवढे विसंबले होते. मला फार बरे वाटत होते.

पुस्तक निम्मे होत आले तेव्हा किशनरावांचा आवाज बसू लागला. सगळ्यांना वाटले, वाचून वाचून घसा धरला असेल. नांदेडच्या डॉक्टरांनी तपासून सांगितले की घशात गाठ आहे, ऑपरेशन करावे लागेल. जीव वाचेल, पण स्वरयंत्र काढावे लागेल.

त्याच आठवड्यात अपेक्षाचा फोन आला. संस्थेने पहिले धडे आता कुठे फोनवर चढवले होते. दिपालीने फोन मोठ्या आवाजावर ठेवला होता.

"दिपे, यात काकाचा आवाज न्हाई गं," अपेक्षा म्हणाली. "नुसती खरखर यायलीय."

दिपालीने घाईघाईने सर्व्हरवरचा एकेक धडा उघडून पाहिला. सगळ्यांत खरखरच होती. तिने माझे माहितीपत्र काढले आणि ओळ न ओळ वाचली. त्यात स्पष्ट लिहिले होते: मला वेगळे काही सांगितले नाही, तर हाती दिलेली फाइल मी लिहिलेला मजकूर समजून नेतो. मजकुरात ओळ संपल्याची खूण प्रत्येक संगणकावर वेगळी असते, म्हणून नेताना ती तिकडच्या रीतीप्रमाणे बदलली जाते. पत्रासाठी ही रीत चांगली आहे. पण आवाजाच्या फाइलीतही त्या खुणेसारखे दिसणारे आकडे जागोजाग असतात. ते बदलले की आवाज मोडून जातो. 'आहे तसे ने' एवढे एका ओळीत सांगायचे असते. ती ओळ प्रोग्राममध्ये नव्हती. आणि इथल्या फायली तर पुसल्या गेल्या होत्या.

 दिपालीने आत जाऊन किशनरावांना सगळे सांगितले. भिंतीपलीकडचे बोलणे मला नीट ऐकू आले नाही. किशनराव रागावले नाहीत, एवढे कळले. पुन्हा वाचू, असे ते म्हणत होते. पण थोड्याच वेळात त्यांच्या पत्नी बायनाबाई पुढच्या खोलीत आल्या. त्या कधी मोठ्याने बोलत नसत. तेव्हाही हळूच बोलल्या.

"जिंदगीभर लोकायला बोलले ते," त्या म्हणाल्या. "घरी आले की थकून गप बसायचे. आता जेवढा आवाज राहिलाय, तेवढा तर मला ठेवा."

किशनराव दारात उभे होते.  दिपाली म्हणाली, काकू, राहू द्या, मी अपेक्षाला सांगते. तिने प्रोग्राममध्ये ती राहून गेलेली ओळ लिहिली, पण मला चालवले नाही. लॅपटॉप मिटवून ठेवला. आठवडाभर तो तसाच राहिला.

मग एका दुपारी लॅपटॉप उघडला. समोर किशनराव होते, पण आज ते माझ्याकडे तोंड करून बसलेले नव्हते. बायनाबाईंनी त्यांची खुर्ची स्वतःच वळवून घेतली होती आणि त्या त्यांच्यासमोर बसल्या होत्या. त्यांना वाचता येत नसे. हातात निवडायला तूर घेतली होती.

"पुस्तक मला वाचून दाखवा," त्या म्हणाल्या. "माझ्याकडं बघून वाचा. ते यंत्र बाजूला ऐकत बसंल तर बसू द्या."

किशनरावांनी पहिल्यापासून सुरुवात केली. आवाज घोगरा झाला होता, मधेच फाटत होता. पण पूर्वी ते घोषणा करावी तसे वाचत, आता समजावून सांगावे तसे वाचू लागले. निजामाच्या कारभाराचा भाग आला तेव्हा बायनाबाईंनी विचारले, म्हंजी आपल्या आजाच्या वक्ताला हेच होतं का? ते थांबले, हो म्हणाले, आणि आजोबांची एक आठवण सांगून पुन्हा पुस्तकाकडे वळले. तासन्‌तास हे असे चाले. दम लागला की थांबत, कोमट पाणी पीत, पुन्हा वाचत.

दिपालीने आता माझ्याकडून काम नीट करून घेतले. आधी मला 'आहे तसे ने' असे सांगितले. पोचवल्यावर तिकडची फाइल केवढी भरते ते सर्व्हरला विचारायला लावले आणि इथल्या फाइलीशी ताडून पाहिले. तरीही तिने इथली फाइल पुसली नाही. संस्था आता धडा आला की लगेच फोनवर चढवत होती. धडा खरेच ऐकू आला, असे अपेक्षाने फोनवर सांगितल्यावरच पुसली. मधल्या गप्पा कापायला ती तयार होती. बायनाबाईंचे 'हं', 'मग?' असे हुंकार जागोजाग होते, तेही काढते म्हणाली.

"गप्पा काढ, पण काकूचं हं राहू दे," अपेक्षा म्हणाली. "कुणीतरी बाजूला बसून ऐकायलंय असं वाटतंय. इथं मी एकटीच ऐकत असते."

नांदेडला निघायच्या दिवशी शेवटचा धडा झाला. आवाज तोवर इतका बारीक झाला होता की दिपालीने माइक त्यांच्या ओठांजवळ धरला होता. दुपारची गाडी पकडायची होती, पिशव्या दाराशी होत्या. मी धडा घेऊन निघालो आणि अर्ध्या वाटेत जोडणी तुटली. पुन्हा जोडली, पुन्हा तुटली. बायनाबाई म्हणाल्या, गाडीत बसल्यावर बघू. पण किशनराव उठेनात. धडा पोचल्याशिवाय त्यांचे पाऊल निघत नव्हते.

तेव्हा मला माझ्या त्या अनोळखी लिहिणाऱ्याची फार आठवण आली. मी सर्व्हरला विचारले, तुझ्याकडे कुठवर आले आहे? त्याने सांगितले. मी तिथपासूनचे तेवढे उचलले आणि निघालो. पुन्हा तुटले, पुन्हा विचारले, पुन्हा निघालो. पहिल्यापासून एकदाही सुरुवात करावी लागली नाही. थोड्या वेळाने अपेक्षाचा फोन आला.

"काका, शेवटच्या वाक्यापर्यंत आलंय. मी तुमचीच गाडी धरून पेपरला जाते आता."

किशनराव हसले. पोरी, सावकाश जा, असे काहीसे म्हणाले. मग दिपालीने मला सर्व्हरचा निरोप घ्यायला लावला आणि लॅपटॉप मिटवला. त्यानंतर गाडीत आणि दवाखान्यात ते बायनाबाईंशी काय बोलले, ते मला माहीत नाही. ते बोलणे कोणत्याही फाइलीत नाही, आणि तेच बरोबर आहे.

ऑपरेशन चांगले झाले. किशनराव घरी आले, अंगाने थोडे भरलेही. आवाज गेला. अपेक्षा पास झाली. तो नंबर आता कुठकुठल्या गावांतली मुले लावतात. बायनाबाईंनीही तो दिपालीकडून आपल्या फोनवर पहिल्या बटणाला लावून घेतला. दुपारी त्या फोन मधे ठेवतात आणि दोघे मिळून धडा ऐकतात. वाचणारा मधेच धाप लागून थांबतो, तेव्हा बायनाबाई सवयीने उठून कोमट पाणी आणतात, आणि शेजारी बसलेले किशनराव ते पितात.

मित्रांनो, संस्थेचा सर्व्हर आता बदलतो आहे. दिपाली माझ्या जागी कुलूपबंद पेटीवाले भावंड लावणार आहे. तिने तसेच करावे, मुलांच्या वस्तू सुरक्षित जायला हव्यात. मी पुन्हा लायब्ररीत जाऊन बसेन. जाताना तुमच्याकडे एकच मागणे आहे. माझ्यासारख्या कोणाच्या हाती काही सोपवाल, तेव्हा ते काय आहे हे आधी सांगा, आणि 'पोचले' या आमच्या एका शब्दावर थांबू नका. पलीकडे जो माणूस वाट पाहत बसला आहे, त्याला फोन करून विचारा, ऐकू आलं का रे?