वळणावरची वई

टॅमसिन हॉबडेला कौन्सिलवर घेतलं, तेव्हा आपल्या चिकाटीचं चीज झालं असं तिला वाटलं. नेदर कोम्बलीच्या पॅरिश कौन्सिलमधली, म्हणजे गावपंचायतीतली, ती खुर्ची कधीची रिकामी होती आणि गावात कुणालाच नको होती, ही गोष्ट तिने सोयीस्करपणे बाजूला ठेवली.

"एकमताने निवडलं मला," तिने नवऱ्याला सांगितलं.

"दुसरं कोण उभं होतं?" ह्यूने विचारलं.

"तो मुद्दा नाही."

तिचा मुद्दा एकच होता. चर्चकडून उतरणारा रस्ता तिच्या घराशी वळायचा, आणि त्या वळणावर हॉथॉर्नच्या काटेरी झुडपांची वई अशी माजली होती की समोरचं वाहन अगदी अंगावर आल्याशिवाय दिसत नसे. पायी चालणाऱ्यांना वेगळी वाट नाही. शाळेची बस थांबायची वळणाच्या पलीकडे. गावातली मुलं रोज सकाळी वईला चिकटून, एकामागे एक, तिथून जायची आणि त्यांतली सगळ्यांत लहान होती टॅमसिनची ब्रायोनी. हिवाळ्यात एकदा पशुखाद्याचा ट्रक इतक्या जवळून गेला की ब्रायोनीची टोपी उडून चिखलात पडली. ब्रायोनी खदखदून हसली. टॅमसिनला त्यानंतर कित्येक दिवस नीट झोप आली नाही.

तशी तिला झोप न येण्याची सवयच होती. लेक सहा वर्षांची झाली तरी ही बाई द्राक्षं घशात अडकू नयेत म्हणून उभी चिरून डब्यात द्यायची. शेजारच्या गावात कुणाला कांजिण्या झाल्या की इकडे लेकीचा सदरा वर करून पाठ तपासायची. आपण जरा अति करतो हे तिला कळायचं. कळून फरक काही पडायचा नाही.

तर ही वई. सभेच्या सुरुवातीला गावकऱ्यांना थोडा वेळ बोलू देतात. टॅमसिन प्रत्येक महिन्याला उभी राहायची. फोटो दाखवायची. भूगोलाची पदवी होती तिच्याकडे, त्यामुळे वळणाचा कोन, उतार, नजरेचा पल्ला, सगळं समजावून सांगायची. आणि शेवटी आवाज चढवून म्हणायची, "ज्या कुणाची ही वई असेल, त्याला रात्री झोप तरी कशी लागते?" यावर सगळं कौन्सिल आपापल्या चहाच्या कपात बघत बसायचं. टॅमसिनला वाटायचं, बघा, कशी दगडाची माणसं आहेत.

मे महिन्यातल्या एका उजेडाच्या संध्याकाळी गावच्या हॉलमध्ये ती पहिल्यांदा टेबलाच्या त्या बाजूला बसली. अध्यक्षबाई मिसेस थ्रेल यांनी तिच्यापुढे बिस्किटं सरकवली. तिच्या शेजारी डेरेक पॉसफर्ड, पिढीजात शेतकरी, आणि टोकाला कारकून मिस्टर टट. बाकीचे दोघे आजारी पडले होते. वईचा विषय निघाला की ते हटकून आजारी पडत.

"विषय सहावा, वळणावरची वई," मिस्टर टट म्हणाले. "यात कुणा सदस्याचा खासगी हितसंबंध आहे का? असल्यास आत्ता सांगावं."

टॅमसिनने एक बिस्किट उचललं.

"कुणाचाच नाही?" मिसेस थ्रेल बिस्किटाला विचारावं तशा म्हणाल्या.

"म्हणजे उदाहरणार्थ," मिस्टर टट खाकरले, "वईची मालकी वगैरे."

टॅमसिनने डेरेककडे रोखून पाहिलं. "सांगून टाका ना, डेरेक. शेत तुमचंच आहे तिथे."

"माझं शेत रस्त्याच्या पलीकडे, पोरी."

"मग रस्ता ज्यांचा, त्या काउंटीची असेल."

"काउंटीची नाही."

"मग आहे तरी कुणाची?"

सगळे तिच्याकडे बघत होते. चहाच्या कपात नाही, थेट तिच्याकडे, आणि कुणाच्या घरी मयत झाल्यावर बघतात तसे. टॅमसिनच्या कानाच्या पाळ्या आधी गरम झाल्या. डोक्यात उजेड नंतर पडला.

"माझी?"

"तुमच्या तारेच्या कुंपणाबाहेर तुमचीच थोडी जागा आहे," मिस्टर टट इतक्या अपराधी चेहऱ्याने म्हणाले, जणू ती त्यांनीच तिथे नेऊन टाकली होती. "वई त्यात येते."

"मग इतके महिने कुणी बोललात का नाही?"

"बाळा, तू किती मनापासून बोलत होतीस," मिसेस थ्रेल म्हणाल्या. "मध्येच कसं गं तोडायचं?"

"आणि जानेवारीत तू मालकाला नालायक म्हणालीस," डेरेक म्हणाला. "त्यानंतर तर सांगायची सोयच उरली नाही."

"म्हणून मला कौन्सिलवर घेतलंत?"

"सभेत हा प्रश्न विचारावाच लागतो," मिस्टर टट म्हणाले. "आम्हाला वाटलं, आम्ही सांगण्यापेक्षा नियमानेच सांगितलेलं बरं."

दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं आणि स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही. पण इथे मुसळ चांगलं रस्त्याच्या कडेला उभं होतं आणि भूगोलाच्या पदवीधर बाईंनी त्याचे फोटो काढून गावभर दाखवले होते.

हितसंबंध असलेल्या सदस्याने चर्चेच्या वेळी बाहेर जायचं असतं. टॅमसिन उठली आणि हॉलच्या स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली. हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये कप देण्याघेण्याची खिडकी होती, आणि तिची लाकडी झडप इतकी पातळ की पलीकडे बिस्किट मोडलेलं ऐकू यावं.

"आत्ता छाटता यायची नाही," डेरेक म्हणत होता. "कस्तूर बसलीय आत अंड्यांवर. पाखरं उडून जाईपर्यंत हात लावायचा नाही."

"मग मुलांचं काय?" मिसेस थ्रेल यांनी विचारलं.

"छाटायला हवीच कशाला? हिच्या घरात आधी म्हातारी विनी राहायची, तिच्या काळात पोरं वळणावरून जायचीच नाहीत. तिच्या बागेतून आत, मागच्या फाटकातून बाहेर, की आली बस. मी तसाच गेलोय शाळेत."

"ते फाटक आता बंद आहे, डेरेक."

"ठाऊक आहे. साखळी, कुलूप, वर 'खासगी' अशी पाटी. पुढ्यात पोरीची ती उड्या मारायची जाळी."

टॅमसिनने ओट्याचा काठ धरला. शहरातून इथे राहायला आल्यावर पहिल्या आठवड्यात तिने सगळ्यात आधी काय केलं असेल, तर ते फाटक बंद. ब्रायोनी तेव्हा नुकती धावायला लागली होती. त्या फाटकातून कुणीतरी आत येईल, एवढंच तिला सुचलं होतं. त्यातून कुणाला बाहेरही जायचं असेल, हे काही सुचलं नाही. लेकीला जपायचं म्हणून तिने अख्ख्या गावाची मुलं रस्त्यावर काढली होती, आणि त्यांच्याबरोबर स्वतःचीही.

"विचारायचं का तिला?" मिसेस थ्रेल यांचा आवाज आला.

पलीकडे कुणीतरी बिस्किट मोडलं.

"आज नको," डेरेक म्हणाला. "आजच्यापुरतं झालं तिला."

"लगेच विचारणं बरं नाही दिसत," मिस्टर टट म्हणाले. "पुढच्या सभेत?"

"जूनमध्ये फुलांचं प्रदर्शन आहे."

"जुलैत मी नाही. ऑगस्टमध्ये सभाच नसते."

"मग सप्टेंबर."

"अनुमोदन."

सप्टेंबर! टॅमसिनचा हात झडपेवर गेला. पण हितसंबंध असलेल्या सदस्याने बोलायचं नाही, आणि पहिल्याच सभेत नियम मोडणारी बाई म्हणून गावात नाव काढायचं नव्हतं. आधी काढलं होतं तेवढं पुष्कळ होतं. ती मागच्या दाराने बाहेर पडली आणि तरातरा घरी गेली.

ह्यू भांडी विसळत होता.

"वई आपली आहे, हे तुला माहीत होतं?"

"हो."

"आणि बोलला नाहीस?"

"मला वाटलं तुला माहीत आहे. स्वतःलाच भर सभेत नालायक म्हणतेस, म्हणजे केवढा प्रामाणिकपणा! मी लोकांना कौतुकाने सांगायचो."

भांडायला वेळ नव्हता. दोघांनी मिळून ट्रॅम्पोलिन ओढत गुलाबांपर्यंत नेलं. कुलूप गंजलं होतं, ह्यूने त्यावर स्वयंपाकाचं तेल ओतलं. फाटकापलीकडे नेटलची, अंगाला लागताच आग करणारी झुडपं कमरेइतकी वाढली होती, ती टॅमसिनने फावड्याने झोडपून आडवी केली. झोडपताना एकीकडे डोक्यात चक्र चालूच: परके लोक आत येतील. मोकाट कुत्री येतील. गवतात गोचीड असेल. कुणाचं तरी पोर तळ्यात पडेल. तळं म्हणजे पक्ष्यांसाठी ठेवलेलं परडीएवढं घमेलं, पण पडायचंच म्हटलं तर पोर कुठेही पडतं. शेवटी साखळी निघाली. तिने ती गवतात टाकली, मग कुणाच्या पायात येईल म्हणून पुन्हा उचलली.

ती पाटी उखडत होती, तेवढ्यात तिघंही घराला वळसा घालून मागे हजर. मिसेस थ्रेल यांच्या हातात तिचा विसरलेला स्वेटर.

"बाळा, स्वयंपाकघरात बघतो तर तू नाहीस. रागावलीस का गं?"

"नाही. फाटक उघडलंय मी. उद्यापासून मुलांना इकडून येऊ द्या."

मिस्टर टट घाबरेघुबरे झाले. "पण ठराव सप्टेंबरचा... म्हणजे, तुम्ही आतली चर्चा ऐकली तर नाहीत ना?"

टॅमसिनचे हात कोपरापर्यंत नेटलने लाल झाले होते, केसात पाचोळा होता. "एक अक्षर नाही," ती म्हणाली.

"मग काही हरकत नाही," मिस्टर टट यांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

डेरेकने वाकून फाटकालगतची, नेटलवर उतारा म्हणून लावतात ती दोन मोठी पानं तोडली आणि तिला हातावर चोळायला दिली.

सकाळी मुलं आली. बागेत शिरताना आधी बिचकली, मग एकदम पळत सुटली. "हळू! मुळं आहेत तिथे!" असं ओरडत टॅमसिन फाटकापर्यंत मागोमाग गेली. ब्रायोनी सगळ्यांच्या पुढे होती. घर तिचं होतं, वाट तीच दाखवणार होती. नेमकी तेव्हाच वईच्या पलीकडून एक ट्रक धडधडत गेला. कस्तूर चिडून ओरडली. पानं हलली, एवढंच. मुलांनी मान वळवूनही पाहिलं नाही.

त्यांतली मोठी मुलगी फाटकाशी थांबली. "मिसेस हॉबडे, हे बंद कुणी केलं होतं?"

"मी."

मुलीने स्वतःच्या बुटांकडे पाहिलं. "फाटक छान आहे हं," ती घाईघाईने म्हणाली आणि बसकडे पळाली.