तांब्याच्या घागरीतलं पाणी

मी एक म्हातारा झिंगा आहे. अंगठ्याएवढा, लाल पाठीवर पांढरी रेघ आणि अंगापेक्षा लांब पांढऱ्या मिशा. कोल्हापुरात समुद्र नाही, तरी माझा सगळा संसार इथेच झाला, राजारामपुरीतल्या एका काचेच्या टाकीत. घरी आलेले पाहुणे मला बघून म्हणत, "रश्श्यात बरा लागंल की." मी त्यांच्याकडे पाठ फिरवत असे.

मित्रांनो, २००६ साली क्रांतीताईनं मला आणि माझ्या सोबत्याला मुंबईहून आणलं. खारं पाणी, प्रवाळाचे दगड, दिवे, सगळं तिनं हौसेनं मांडलं. ती पाण्यात हात घाली आणि आम्ही दोघं तिची नखं साफ करत असू. समुद्रात आम्ही माशांची अंगं साफ करतो, पण आमच्या कामाचं एवढं कौतुक तिथेही कुणी केलं नव्हतं.

मग तिला पुण्यात नोकरी लागली. निघताना ती आईला म्हणाली, "पाणी आटलं की गोडं पाणी घाल, मीठ आत राहतंच. सांभाळ गं दोघांना."

तिच्या आईनं, शालूबाईंनी, आम्हाला जिवापाड जपलं. घरात प्यायचं पाणी तांब्याच्या घागरीत असे, चिंचेनं घासून लख्ख केलेल्या. त्यातलंच त्या आम्हाला घालत. "लेकीची जित्राबं हायत, नळाचं कशाला?"

माणसाला मानवणारं तांबं आम्हाला विष असतं. हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. आधी टाकीतल्या गोगलगायी गेल्या. मग माझ्या सोबत्यानं खाणं सोडलं. शालूबाई घाबरल्या, घागर आणखी घासू लागल्या. एका सकाळी तो आमच्या कपारीत आडवा पडलेला दिसला.

तरी रविवारी ताईचा फोन आला की तिला घोर नको म्हणून शालूबाई सांगत, "दोघंबी बरी हायत." मला बोलता येत असतं तर मीही तेच सांगितलं असतं.

दिवाळीला ताई आली. टाकीत मी एकटाच. तेवढ्यात शालूबाई घागर घेऊन आल्या.

"आई, रोज ह्यातलंच घालतीस?"

"व्हय की. आपण पितो तेच. का गं?"

ताईनं लख्ख घागरीवरून बोट फिरवलं. "पाणी चांगलंच हाय, आई. त्यास्नी तांबं सोसत न्हाय. मीच सांगायचं इसरले."

शालूबाई घागर मांडीवर घेऊन खालीच बसल्या.

ताई सगळं पाणी बदलून पुण्याला परत गेली आणि मी वाचलो. अजून मी मिशी लांबवून ती कपार चाचपतो. तिथे कुणी नाही हे मला माहीत आहे. तरी चाचपतो. सोबत्याची फार आठवण येते.

मित्रांनो, दूर जाताना मागे राहणाऱ्याला नुसतं 'सांभाळ' म्हणू नका. कसं सांभाळायचं, तेही सांगून जा. शालूबाई आता टाकीत पाणी घालण्याआधी पुण्याला फोन लावतात. "घालू का गं?" असं विचारतात आणि उत्तर येईपर्यंत स्टीलचं पातेलं हातात धरून उभ्या राहतात.