ताकदीची सुई

एकोडीच्या तलावाच्या पाळीवर त्या गुरुवारी पाय ठेवायला जागा नव्हती. साकोलीकडून गाड्या भरभरून माणसं आली होती, बाया पोरं कडेवर घेऊन टाचा उंचावत होत्या. आणि कमरेइतक्या पाण्यात उभा होता अडुसष्ट वर्षांचा मंगरू ढिवर. सहा महिन्यांपूर्वी याच माणसाला पाण्याची बादली उचलवत नव्हती. आज त्यानं जाळं खांद्यावरून असं भिरकावलं की ते पाण्यावर पुरं गोल उघडलं. पाळीवरून एकच जयजयकार उठला.

"सुई ने खींचा, पानी ने सींचा!" मांडवातून भैय्याजी महाराज माईकवर गरजले. महाराजांचं सारं दुकान म्हणजे एक निळा ड्रम. त्यात याच तलावाचं पाणी, ज्यात गावच्या म्हशी रोज डुंबतात. महाराजांनी त्यावर फुंकर मारली की ते औषध! अट एकच. पाणी सुरू केलं की सुई-गोळी बंद. चोरून सुई घेतली तर पाण्याचा गुण गेला आणि महाराजही मोकळे. हुशार माणूस, पळवाट आधी बांधून मग मांडव घातलेला!

लोक मंगरूच्या सुनेला, ज्योत्सनाला, नशीबवान म्हणत होते. ती गावची आशाताई, घरोघरी फिरून लोकांचं औषधपाणी बघणारी. तिला मात्र मामाजींची, म्हणजे सासऱ्याची, ताकद कुठून परत आली ते ठाऊक होतं.

मंगरूला प्रोस्टेटचा कॅन्सर होता. पुरुषांच्या लघवीच्या पिशवीखाली असते त्या ग्रंथीचा, आणि तो हाडांतही उतरलेला. नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी दर तीन महिन्यांनी एक सुई सांगितली होती. दोन सुयांतच दुखणं थांबलं, रक्तातला रोगाचा आकडा शंभरावरून दोनवर आला. पण घरात कॅन्सर हा शब्द कोण काढणार? आणि सासऱ्याच्या त्या जागेचं नाव सुनेनं घ्यायचं? छे! तिनं नवऱ्याला, भूपेशला, सांगायला लावलं. भूपेश बापासमोर लाजला आणि म्हणून गेला, "बाबा, हे ताकदीची सुई होय." मंगरूनं मान डोलावली.

आता गंमत बघा. गंमत कसली, रडायची गोष्ट आहे. त्या सुईनं मंगरूची ताकदच गेली. भर पावसातही अंगातून गरम वाफा निघायच्या, दाढी विरळ झाली, हात लुळे पडले. ताकदीची सुई घेऊन ताकद जाते, हे कोणत्या शहाण्या माणसाला पटेल? पोळ्याच्या वेळची सुई त्यानं सरळ नाकारली आणि महाराजांचं पाणी धरलं. त्याची बायको यशोदाबाईच त्याला हात धरून मांडवात घेऊन गेली.

गुरुवारच्या त्या तमाशानंतर ज्योत्सनानं साखर तपासायच्या नावाखाली मामाजींचं रक्त काढून नागपूरला नेलं. आकडा दोनशे दहा. डॉक्टरीणबाईंनी तिला समजावलं, की पुरुषाच्या अंगात तयार होणारा हार्मोन रक्तातून त्या ग्रंथीच्या पेशीत शिरतो. आत त्याची वाट बघत एक प्रथिन बसलेलं असतं. दोघं जुळले की पेशीच्या गाभ्यात जातात आणि हुकूम सोडतात, वाढ. चांगली पेशी बेतानं वाढते, कॅन्सरची सुटते. सुई तो हार्मोनच बंद करते. त्यानं रोग उपाशी राहतो, पण माणसाचा जोमही जातो.

"सुई थांबली, हार्मोन परत आला," बाई म्हणाल्या. "हातात जोर आला, त्याच दिवसापासून रोगालाही खायला मिळालं."

तिनं भूपेशला सांगितलं, आता मामाजींना खरं सांगू. तो म्हणाला, शिवरात्र होऊ दे, बाबा किती खूश आहेत. शिवरात्र झाली, आणि फागुनात एका सकाळी मंगरू खाटेवरून उठायला गेला तर कमरेखाली पायच नव्हते जणू. रोगानं मणक्यातली नस दाबली होती. नागपूरला सुई पुन्हा सुरू झाली, मणक्याला किरणांचा शेकही दिला. पण बाईंनी स्पष्ट सांगितलं, पाय येणार नाहीत.

घरी आणलं तर अंगणात गाव जमा. भैय्याजी महाराज स्वतः आले होते. खाटेकडे बोट दाखवून म्हणाले, "देखो! सुई घेतली आन् पाय गेले." माणसांनी माना हलवल्या. यशोदाबाई तर सुनेकडे अशी बघत होती, जणू तिनंच विष घातलं.

तेव्हा ज्योत्सना उभी राहिली. डोक्यावरचा पदर सावरला आणि भर अंगणात, सासऱ्यासमोर, त्या जागेचं नाव घेतलं, रोगाचं नाव घेतलं. सुई, हार्मोन, पेशी, सगळं सांगितलं. रक्ताचे दोन्ही कागद, दोनचा आणि दोनशे दहाचा, दाखवले. पाय आधी गेले, सुई मागून दिली, हेही तारखेसकट सांगितलं. जाळं फेकलं ते पाण्यानं नाही, सुई चुकली म्हणून, आणि त्याचीच ही किंमत आहे. कोणी कागद हातात घेतले नाहीत. महाराज घड्याळ बघत निघाले, आणि त्यांच्यामागे अर्धं अंगण निघालं.

मंगरूनं खाटेवरूनच सुनेला जवळ बोलावलं. मग हळूच म्हणाला, "बाई, महाराजनं मले खोटं सांगतलं, ते समजलं. तुमी काहून खोटं सांगतलं?"

भूपेश मागल्या दारानं बाहेर जाऊन रडला.

पुढच्या गुरुवारी ड्रम पुन्हा भरला. भोंदू माणूस आपल्या घरात शिरतो तो आपणच मोकळ्या ठेवलेल्या जागेतून. म्हणून एवढंच मागणं आहे. रोग्याला त्याच्या रोगाचं नाव सांगा. औषध काय देतं ते सांगा आणि काय काढून घेतं तेही सांगा. सोसवत नसेल तर ज्यानं लिहून दिलं त्यालाच विचारा, मनानं थांबवू नका. मंगरूला खरं माहीत असतं तर त्यानं त्या वाफा आणि ते लुळेपण सोसलं असतं. पन्नास वर्षं थंडीच्या पहाटे पाण्यात उतरलेला माणूस होता तो.