पास केलेलं दही

प्लेट स्वच्छ निघाली की प्रयोगशाळेत सगळ्यांचे चेहरे खुलतात. त्या सकाळी तपासणीवालीचा मात्र पडला. काचेची ती चपटी प्लेट तिने खिडकीच्या उजेडात धरली, तिरकी केली, पुन्हा सरळ केली. आतल्या पिवळसर थरावर काही म्हणजे काही उगवलं नव्हतं. ठिपका नाही, डाग नाही, साधा बुरसट कोपराही नाही.

आता दुधाच्या कारखान्यात जंतू शोधायचा पगार घेणाऱ्या बाईला जंतू सापडले नाहीत, तर तिने आनंदाने चहा प्यावा. पण इतकं स्वच्छ काही नसतंच, हे तिला पक्कं ठाऊक होतं. दूध घ्या, लोणी घ्या, चारदोन निरुपद्रवी जंतू प्लेटवर उगवतातच. ते कुणाच्या अध्यात नसतात की मध्यात. आणि या दह्यात तर फळांच्या सालींचा अर्क होता. साल म्हणजे माती, हात, टोपल्या, माश्या. त्यातलं काहीच कसं नाही? गेल्या आठवड्यात पहिल्या घाण्याची, म्हणजे एका वेळी लावलेल्या दह्याची, प्लेट अशीच कोरी निघाली, तेव्हा ती खूश झाली होती आणि तिने दही पास करून टाकलं होतं. दुसऱ्या घाण्याचीही तशीच निघाली, आणि मनात पाल चुकचुकली.

हे दही तिच्या धाकट्या दिराचं. म्हणजे दूध कारखान्याचं, पण डोकं त्याचं. घरात त्याला सगळे उपद्व्यापी म्हणत, आणि ते नाव त्याने कष्टाने मिळवलेलं होतं. तिच्या लग्नाच्या सुमारास, शाळकरी वयात, त्याने बीटाचा जॅम केला होता, त्याने घरातले सगळे टॉवेल लाल झाले. मोठेपणी त्याच कारखान्यात नवे पदार्थ करायची नोकरी मिळाली आणि उपद्व्यापाला पगार सुरू झाला. पोटाला चांगले असे जिवंत जंतू घातलेलं प्रोबायोटिक दही, आणि त्यात पेरू-अननसाच्या साली अगदी मंद आचेवर ठेवून काढलेला अर्क. आच मंद, कारण जास्त तापवलं तर सालीचा गुण जातो, असं त्याचं म्हणणं. शुक्रवारी कारखान्यातल्या सगळ्यांच्या घरच्यांना बोलावून हे दही चाखायला देणार होते. लहान मुलं, म्हातारी माणसं, सगळी येणार होती.

आणि एक खोकं घरीही आलेलं होतं, सासऱ्यांसाठी, म्हणजे अण्णांसाठी. त्यांच्या आतड्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. पोटाला जपा, कसलाही संसर्ग यांना झेपणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. अण्णा रोज जेवणानंतर एक कप दही निमूटपणे संपवत. ते आठवलं आणि तपासणीवालीने हातातली प्लेट खाली ठेवली.

चूक कुठे झाली ते तिला उभ्या उभ्या कळलं. पदार्थ नवा असला, की आधी त्यात आपल्या हाताने माहितीतले जंतू घालायचे आणि आपल्या चाचणीला ते सापडतात का ते पाहायचं. चोर पकडायला कुत्रा आणला, तर त्याला वास येतो का हे आधी बघावं, इतकी साधी गोष्ट. ते तिने केलंच नव्हतं. साध्या दह्यावर ही चाचणी तिने इतकी वर्षं केली होती, की फळाचं दही तिला दहीच वाटलं. अर्क म्हणजे चवीची बाब, आपल्याला काय त्याचं! शिवाय दीर रोज टेबलाशी येऊन, "वहिनी, झालं का? वहिनी, कधी होतंय?" करत होता.

तिने दह्याच्या नमुन्यात जंतू घातले, प्लेटा लावल्या, उबेच्या कपाटात ठेवल्या. आता उद्यापर्यंत हात चोळत बसायचं. तिने टेबल पुसलं, मग पुसलेलं टेबल पुन्हा पुसलं. कपाटाचं दार दोनदा उघडलं. जंतू काही कुणी पाहतंय म्हणून लवकर वाढत नाहीत, हे तिनेच दहा जणांना शिकवलेलं होतं.

संध्याकाळी घरी पोचली तर अण्णांचा कप संपलेला. चमचा चाटून ते खिडकीपाशी बसले होते.

"अण्णा, बरं वाटतंय ना?"

"मला काय धाड भरलीय?" अण्णा म्हणाले. "तुझाच चेहरा उतरलाय. साहेबीण ओरडली का?"

सांगून टाकावं, असं तिच्या ओठांवर आलं होतं. पण काय सांगणार? मी तपासलं, पण तपासलं नाही? नक्की काही कळलेलं नसताना दिराच्या दोन वर्षांच्या मेहनतीवर पाणी कसं ओतायचं? नवरा जहाजावर नोकरीला, घरात वादळ उठलं की तो नेमका समुद्रात. तिने जीभ आवरली आणि उरलेले कप फ्रीजमध्ये मागे सारून त्यांच्यापुढे भाजीची परडी लावली. खरं सांगायचं तर ती घाबरली होती. दह्याला नव्हे, स्वतःच दिलेल्या 'पास' या शब्दाला.

नंतर तिचं कशात लक्ष लागेना. बाथरूमची कडी वाजली की ती कान टवकारे. अण्णा आत गेले की ती मनात मोजायला लागे, बाहेर आले की त्यांच्या तोंडाकडे बघे. तिसऱ्या खेपेला अण्णा वैतागले.

"सूनबाई, मी आत जाऊ की नको? का आधी तुझी परवानगी काढू?"

"तसं नाही हो अण्णा. पाणी येतंय का बघत होते."

"येतंय. भरपूर येतंय," असं म्हणून ते खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं.

सकाळी ती सगळ्यांच्या आधी कारखान्यात पोचली. कपाट उघडलं, प्लेट काढली. कोरी. ज्या दह्यात तिने स्वतःच्या हाताने जंतू घातले होते, त्याची प्लेटसुद्धा कोरी! अर्काचा जोर इतका होता, की तिच्या प्लेटवर कुणालाच डोकं वर काढू देत नव्हता. चांगले जंतू मात्र त्यांच्या वेगळ्या प्लेटांवर व्यवस्थित मोजले गेले होते, कारण ते कोट्यवधींनी असतात आणि मोजण्याआधी दह्यात पाणी घालून घालून ते पातळ करावं लागतं. पाण्याने अर्काचा जोर मोडत होता. वाईट जंतू थोडे असतात म्हणून ते दाट नमुन्यात शोधायचे, आणि तिथेच अर्क पहारा देत बसला होता. म्हणजे तिने दिलेला निकाल खोटा नव्हता, निकालच नव्हता.

तिने घरी आलेल्या घाण्याचा नमुना घेतला, भरपूर पातळ केला, एकाऐवजी ढीगभर प्लेटांवर पसरला आणि कपाटात ठेवून दिराला बोलावलं. सगळं ऐकून तो भडकला.

"वहिनी, पास तुम्हीच केलंत ना? आता शुक्रवार तोंडावर आल्यावर तुम्हाला शंका सुचली?"

"भावजी, माझं चुकलं. पण घरी अण्णा..."

"मी रोज दोन कप खातोय, मला काय झालं? तुम्हाला सगळ्यात खोटच दिसते. बीटाच्या जॅमलाही तुम्ही नावं ठेवली होती."

"त्या जॅमने माझी लग्नातली साडी गेली होती!" तिनेही आवाज चढवला. मग दोघंही ओशाळली आणि एकमेकांकडे न बघता आपापल्या कामाला गेली.

त्या संध्याकाळी अण्णांनी दही मागितलं नाही. तिने सुटकेचा निःश्वास टाकला, आणि ते का मागत नाहीत हे विचारायचं तिला सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी कपाट उघडायला दीर आधीच येऊन उभा होता. रात्रभर झोपला नसावा. तिने एक एक प्लेट काढून टेबलावर मांडली. बऱ्याच प्लेटांवर राखाडी, खरबरीत कडांचे ठिपके उगवले होते. मातीतले जंतू. मंद आचेत ते मेले नव्हते आणि अर्कात नुसते दबून बसले होते. माणसाच्या पोटात अर्क पातळ झाला, की त्यांना मोकळं रान.

दिराने एक प्लेट उचलली.

"वहिनी, उद्या हे पोरांनी खाल्लं असतं."

"हो."

दोघं मिळूनच साहेबीणबाईंकडे गेली. त्यांनी कपाळाला हात लावला, तिला चांगलंच फैलावर घेतलं, आणि शुक्रवारचा कार्यक्रम त्याच क्षणी रद्द केला. ती सगळं खाली मान घालून ऐकत होती, पण चित्त घरी होतं. बोलणी संपायच्या आत तिने पर्स उचलली. दीर मागोमाग धावला.

अण्णा पलंगावर कुशीवर वळून, पाय पोटाशी घेऊन पडले होते. कपाळ तापलेलं होतं. फ्रीजपुढे भाजीची परडी खाली काढून ठेवलेली आणि केराच्या टोपलीत दोन रिकामे कप पडलेले. आज, घरात कुणी नसताना, त्यांनी ते शोधून खाल्ले होते.

"अण्णा, कधीपासून दुखतंय?" तिने विचारलं.

"दोनतीन दिवस झाले. मुरडा येतो आणि जातो."

"मग बोलला का नाहीत? आणि दुखत असताना पुन्हा तेच दही खाल्लं?"

"पोट बरं व्हावं म्हणूनच तर खाल्लं." अण्णांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिने अगदीच बावळट प्रश्न विचारला होता. "या उपद्व्याप्याने केलेलं मी जन्मात काही तोंडात घेतलं नव्हतं. जॅमसुद्धा मोरीत ओतला होता. पण हे तू पास केलेलं. म्हटलं, दही चांगलंच असणार. माझंच पोट नाठाळ."

तिला तिथेच बसून रडावंसं वाटलं. पण रडायला वेळ नव्हता. "अण्णा, दही वाईट होतं. माझ्या तपासणीत चूक झाली. परवाच मला शंका आली होती, तेव्हाच सांगायला हवं होतं. चला, उठा." दिराने त्यांना उचलूनच गाडीत घातलं.

डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, ताप पाहिला आणि लगेच सलाइन लावायला सांगितलं. काही दिवस इथेच ठेवावं लागेल, म्हणाले, पण टाके शाबूत आहेत, आणि आणखी उशीर झाला असता तर अवघड होतं. मग पेन काढून त्यांनी विचारलं, "खाल्लं काय होतं यांनी?"

"माझं दही," दीर घाईने म्हणाला. "मी केलेलं, नवीन."

"छे, छे," अण्णा पलंगावरून पुटपुटले. "दह्याचं काही नाही हो. माझंच पोट तसलं."

सगळं ऐकूनही त्यांना अजून पटलेलं नव्हतं. त्यांचा तिच्यावरचा विश्वास ताप चढला तरी उतरत नव्हता. तिने त्यांचा सलाइन नसलेला हात हातात घेतला आणि डॉक्टरांकडे वळली.

"मी पास केलेलं दही," ती म्हणाली. "असंच लिहा."