मीच आहे गं

"घरात आणखी कोणी आहे का?" बाबांनी विचारलं.

"अं?" दारातली मुलगी गोंधळली.

"मोठं कोणी असेल तर बोलवून घ्या. आणि तुम्ही आधी बसा."

दार खोटं होतं. प्लायवूडच्या चौकटीत बसवलेलं, शेजारी बेल, खाली पायपुसणं. निवृत्त सैनिकांसाठी भरवलेल्या नोकरी मेळाव्यात, सभागृहाच्या मधोमध, पार्सल पोचवणाऱ्या एका कंपनीने ते उभं केलं होतं. घरातली बाई बनून त्यामागे उभी होती ती त्यांचीच मुलगी. बाकीच्या टेबलांवर माणसाला प्रश्न विचारत होते. इथे काम करून दाखवायचं होतं. बेल वाजवायची, दार उघडलं की खोकं द्यायचं, सही घ्यायची. शेंबड्या पोरालाही जमलं असतं.

बाबांनी मात्र टोपी काढून काखेत धरली, रिकामं खोकं दोन्ही हातांवर आडवं घेतलं, बेल एकदाच दाबली आणि चांगले मागे सरकून ताठ उभे राहिले.

"काका, बाई घरात एकटी असली आणि तुम्ही असं विचारलंत, तर ती थेट पोलिसांना बोलवेल!" मुलगी म्हणाली. शेजारच्या टेबलावरचे दोघं खो खो हसले. मलाही हसू आलं. रांगेतलं मात्र कोणी हसलं नाही. बाबांच्या मागे उभ्या असलेल्या गृहस्थांनी आपलीही टोपी काढून हातात घेतली. मला त्यातलं काही कळलं नाही.

बाबा निवृत्त झाले त्याच वर्षी आई गेली. तेव्हापासून ते खुर्चीत बसून असतात. समोर पेपर असतो, पण पान उलटत नाही. आणि इकडे माझी बदली झाली होती, लांबच्या गावी. हे मी त्यांना अजून सांगितलं नव्हतं. घर सोडून ते येणार नाहीत, याची मला खात्री होती. आईने लावलेला पडदासुद्धा ते धुवायला काढू देत नाहीत. चार माणसांत दिवस जाईल असं एखादं काम त्यांना मिळालं, की मगच बदलीचं सांगायचं, असं मी ठरवलं होतं. म्हणून तर त्यांना अक्षरशः ओढत इथे आणलं होतं.

सुरक्षारक्षकांच्या टेबलावर बाबांचा गुडघा आडवा आला, कारखान्याच्या टेबलावर वय. इथे या मुलीने विचारलं होतं, "काका, लष्करात तुमच्याकडे काय काम होतं?"

"पोचवायचो," बाबा म्हणाले होते. "ज्याचं त्याच्या घरी."

"अय्या, मग हे तर आमचंच काम की!" ती म्हणाली होती, आणि माझा जीव भांड्यात पडला होता.

आम्हाला घरी एवढंच माहीत होतं, की बाबा लष्कराच्या टपालात आहेत. आई तसंच सांगायची. मैत्रिणींसमोर मी कुरकुरायचे, आमच्या बाबांची बंदूक म्हणजे गोंदाची बाटली.

"परत करूया," मुलगी म्हणाली. स्वभावाने गोड होती बिचारी. "आणि दार उघडलं की आधी हसायचं, काका. बाकीचं नंतर."

बाबांनी बेल दाबली. दार उघडलं. त्यांचे ओठ हलले, पण चेहरा दाढ दुखत असल्यासारखा झाला.

"हसा ना, बाबा," मी बाजूने म्हटलं. "फोटो काढतानासुद्धा तुमचं हे असंच."

बाबांनी माझ्याकडे बघितलं नाही. ते त्या मुलीला म्हणाले, "एकदा हसलो होतो, बाळ. अगदी पहिल्या वेळी. तेव्हा मलाही कोणी काही शिकवलं नव्हतं. त्या जवानाच्या आईनेच दार उघडलं. त्यांना धीर वाटावा म्हणून हसलो. त्यांना वाटलं, मुलगा सुट्टीवर आलाय आणि मी त्याचं सामान घेऊन पुढे आलोय. मला बाजूला सारून त्या रस्त्याकडे धावल्या. गाडीत त्याची शवपेटी होती."

मुलीचा हात दाराच्या कडीवर तसाच राहिला.

"तेव्हापासून दारात हसत नाही. आणि घरात दुसरं कोणी असल्याशिवाय सांगतही नाही. कोणी नसेल तर शेजारचं माणूस आणून बसवायचं. मग सांगायचं."



बाबा कधी गणवेशात घरी आले नाहीत. स्टेशनवर कपडे बदलूनच यायचे. एकदा तरी गणवेशात शाळेत न्यायला या, म्हणून मी घर डोक्यावर घ्यायचे. पण नाही म्हणजे नाही. घराची बेल ते वाजवायचेच नाहीत. फाटकापासूनच ओरडत यायचे, "मीच आहे गं!" आणि आई आतून म्हणायची, "कळलं! अख्ख्या गल्लीला कळलं!" दुसऱ्या कोणी बेल वाजवली की बाबा उठून मागच्या खोलीत जायचे, आणि आम्ही मायलेकी म्हणायचो, बाबांची सासू आली वाटतं. पोट दुखेपर्यंत हसायचो. आईला सगळं ठाऊक असणार. तिने ते जन्मभर थट्टेवारी नेलं, एकटीने.

"काका," मुलगी आता हळू आवाजात बोलत होती, "आमच्या गोदामात जागा आहे. तिथे कोणाच्या दारात जायला नको. नुसती खोकी रचायची. मी सांगून ठेवते साहेबांना."

"हो म्हणा, बाबा," मी म्हटलं.

बाबांनी हातातलं खोकं टेबलावर ठेवलं. आधी एक कड टेकवली, मग दुसरी, आणि खालून बोटं अलगद सोडवून घेतली. वरून एकदा तळवा फिरवला.

"नको, बाळ," ते म्हणाले. "बंद खोकी आता नकोत."

टोपी घालून ते चालू लागले. रांगेतल्या माणसांनी त्यांना वाट करून दिली.

बसमध्ये ते खिडकीशी बसले.

"त्या आईंजवळ घरात कोणी होतं का, बाबा?" मी शेवटी विचारलं.

"नव्हतं," ते म्हणाले. "म्हणून तर."

बदलीचं आजच सांगायला हवं होतं. दिवस हातात उरले नव्हते, आणि काम मिळायची आशाही संपली होती. वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. पण हे सांगताना जिला बोलवून बाबांच्या शेजारी बसवायचं, ती माझी आईच घरात नव्हती. मी रडले. ओढणीत तोंड खुपसून रडले, आणि बाबा खिडकीबाहेर बघत माझ्या पाठीवर हात ठेवून बसून राहिले. काय झालं, असं त्यांनी विचारलं नाही.

घराच्या फाटकाशी आलो. कडी काढता काढता बाबा सवयीने ओरडले, "मीच आहे गं!"

दाराला कुलूप होतं. किल्ली माझ्या हातात होती. एरवी मी चिडायचे, आत कोण आहे बाबा, म्हणायचे. आज बोलले नाही. स्वयंपाकघरातून हात पुसत दारापर्यंत यायला आईला जेवढा वेळ लागायचा, तेवढी थांबले. मग कुलूप काढलं.